दोष मागाचा, आळ कारागिरावर

देशाची उत्पादकता का घटली हा प्रश्न निघाला की कारण शोधण्याआधी आरोपी शोधला जातो, आणि आरोपी म्हणून बहुधा असाच माणूस निवडला जातो ज्याला उलट बोलण्याची सोय नसते. ब्रिटनमध्ये ६ डिसेंबर २०१७ रोजी याचा नमुना पाहावयास मिळाला. त्या वेळचे अर्थमंत्री फिलिप हॅमंड संसदेच्या अर्थविषयक समितीपुढे साक्ष देत होते. उत्पादकता वाढत का नाही, असे त्यांना विचारण्यात आले. उत्तर देताना ते म्हणाले की, समाजाच्या कडेला राहिलेले गट, उदाहरणार्थ अपंग माणसे, पूर्वीपेक्षा फार मोठ्या संख्येने कामावर येऊ लागली आहेत. ही अभिमानाची गोष्ट आहे, परंतु उत्पादकतेच्या आकड्यांवर तिचा परिणाम झाला असावा. अपंगांच्या संघटना संतापल्या, विरोधी पक्षाने माफीची मागणी केली, आणि काही दिवस तिथल्या वर्तमानपत्रांना विषय मिळाला.

विलायतेतल्या या वादाशी भिवंडीच्या वाचकाला काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. कर्तव्य आहे. धामणकर नाक्यावर संध्याकाळी पाळी बदलण्याच्या सुमारास चहाच्या टपरीशी थोडा वेळ उभे राहिले की हेच अर्थशास्त्र आपल्या बोलीत ऐकू येते. ग्रे कापडाचा भाव पडला, सूत महागले, व्यापाऱ्याने पिकाचा दर कमी केला, की चर्चा फिरून कारागिरावर येते. अमक्याला आता कमी दिसते, तमक्याला ऐकू येत नाही, फलाण्याच्या हाताची दोन बोटे गेली आहेत, असली माणसे ठेवून धंदा कसा चालायचा? हॅमंडसाहेबांनी समितीपुढे जे सभ्य भाषेत सांगितले तेच येथे रोखठोक बोलले जाते, एवढाच काय तो फरक. म्हणून हा हिशेब एकदा नीट मांडून पाहावा असे आम्हाला वाटले.

प्रथम उत्पादकता म्हणजे काय ते पाहू. एकूण उत्पादनाला कामाच्या तासांनी किंवा कामगारांच्या संख्येने भागले की जो आकडा येतो ती उत्पादकता. म्हणजे ती एक सरासरी आहे, आणि सरासरी मोठी फसवी असते. समजा, एका कारखान्यात दहा कारागीर आहेत आणि प्रत्येकजण पाळीला १९० मीटर कापड काढतो. एकूण कापड १,९०० मीटर. तिथे रिकाम्या पडलेल्या मागांवर अकरावा कारागीर घेतला. त्याचा एक पाय अधू आहे, तो १४० मीटरच काढतो. आता एकूण कापड झाले २,०४० मीटर आणि सरासरी आली १८५ मीटरच्या आसपास. कागदावर उत्पादकता घटली. प्रत्यक्षात मालकाच्या गोदामात १४० मीटर कापड जास्त आले, पहिल्या दहाजणांच्या मजुरीतला एक पैसा कमी झाला नाही, आणि काल घरी बसलेल्या माणसाची चूल पेटली. अशा घटीने नुकसान झाले ते कोणाचे, हे शोधूनही सापडणार नाही.

हॅमंड यांच्या म्हणण्यात तथ्य असेल तर ते एवढेच. पण तेवढे तथ्य धरूनसुद्धा त्यांचा हिशेब जमत नाही. ब्रिटिश सरकारचाच त्या काळचा दावा असा होता की, २०१३ पासूनच्या चार वर्षांत सुमारे सहा लाख अपंग माणसे नव्याने कामावर आली. देशात काम करणारे एकूण लोक होते सव्वातीन कोटींच्या घरात. म्हणजे शंभरात दोनसुद्धा भरत नाहीत. आता या दोघांनी इतरांच्या निम्मेच काम केले असे अगदी कठोर होऊन धरले, तरी शंभरांची सरासरी खाली येते ती एक टक्क्याने. ब्रिटनची उत्पादकता तर २००८ च्या आर्थिक अरिष्टापासूनच जागच्या जागी थांबली होती. आधी ती वर्षाला सुमारे दोन टक्क्यांनी वाढत असे. दहा वर्षे तशीच वाढती तर कुठे जाती आणि प्रत्यक्षात कुठे राहिली, यातले अंतर पंधरा टक्क्यांहून अधिक होते. २००८ ला सुरू झालेल्या दुखण्याचे कारण २०१३ नंतर आलेल्या माणसांत शोधणे हे वैद्यकशास्त्रातही बसत नाही आणि अर्थशास्त्रातही. शिवाय तेव्हा तिथे कामाच्या वयाच्या अपंगांपैकी जेमतेम निम्मेच नोकरीत होते. धडधाकट माणसांत हे प्रमाण पाचात चार होते. ज्यांच्यातले निम्मे दाराबाहेरच उभे होते, त्यांच्यावर घर बुडवल्याचा आळ आला.

याच ब्रिटनने महायुद्ध चालू असताना, १९४४ साली, वीस किंवा अधिक कामगार असलेल्या मालकांनी तीन टक्के जागा अपंगांना द्याव्यात असा कायदा केला होता. धडधाकट तरुण आघाडीवर गेले होते, अनेक जखमी होऊन परतत होते, आणि माणसांची गरज होती. तेव्हा कोणाला सरासरीची चिंता पडली नव्हती.

आता आपल्या मागाकडे वळू.

भिवंडीतल्या साध्या यंत्रमागाचा वेग मिनिटाला सुमारे १४० पीक धरला, कापडात इंचाला ५६ पीक असले, आणि कांडी बदलणे, धागा तुटणे, बीम संपणे यात वेळ जाऊन माग शंभरापैकी सत्तर मिनिटेच खरोखर चालतो असे मानले, तर बारा तासांच्या पाळीत एका मागावर ३२ मीटरच्या आसपास कापड निघते. हा आमचा ठोकताळा आहे. कापडाच्या जातीप्रमाणे आकडा मागेपुढे होईल. एक कारागीर सहा माग सांभाळत असेल तर त्याची पाळी झाली १९२ मीटरची. आता एअरजेट माग घ्या. मिनिटाला ७०० पीक आणि शंभरापैकी नव्वद मिनिटे चालू. त्याच जातीचे कापड बारा तासांत निघेल २०५ मीटर, आणि तेही एका मागावर. म्हणजे सहा मागांमागे बारा तास धावणारा आपला कारागीर, डोळे-कान-हातपाय शाबूत असूनही, त्या एका यंत्राची बरोबरी करू शकत नाही. हे अंतर यंत्राने पाडलेले आहे. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग येथे आणून बसवले गेले, १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाल्यावर गिरण्यांचे काम मोठ्या प्रमाणावर याच मागांकडे आले, आणि त्या चढत्या काळात यंत्र बदलण्याची निकड फारशी कोणाला भासली नाही. ते बदलण्यासाठी पुढे योजना आल्या. १ एप्रिल १९९९ पासून तंत्रज्ञान सुधार निधीची योजना सुरू झाली, आणि १ एप्रिल २०१७ ला ‘पॉवरटेक्स इंडिया’ ही यंत्रमागांसाठीची योजना सुरू झाली. पण दुसऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणाऱ्या, आठ-बारा मागांच्या मालकापाशी आपल्या हिश्शाची रक्कम कुठून येणार, हा प्रश्न राहिलाच.

विजेचेही तसेच. भारनियमनाचे दिवस येथले जुने लोक विसरलेले नाहीत. २६ जानेवारी २००७ पासून भिवंडीचे वीजवितरण टोरेंट पॉवरकडे गेले, त्यावर अजून दोन मते आहेत आणि त्या वादात आम्ही येथे शिरत नाही. फक्त एक साधा गुणाकार वाचकांनी करून पाहावा. सहा मागांची वीज दोन तास गेली तर ३२ मीटर कापड बुडते. एका डोळ्याने अधू झालेल्या कारागिराला सहाऐवजी पाच माग दिले, आणि सहावा कोणीही चालवला नाही असे धरले, तरीही बुडते ते ३२ मीटरच. नुकसान तंतोतंत सारखे. पहिल्या नुकसानीला आपण नशीब म्हणतो, दुसऱ्यासाठी माणसाचा हिशेब चुकता करून त्याला गावी धाडतो. वास्तविक तो सहावा माग शेजारचा कारागीर सहज पाहू शकतो. गेलेली वीज मात्र कोणी पाहू शकत नाही.

खेदाची बाब अशी की, हा कारागीर बहुतेक वेळा अपंग म्हणून धंद्यात आलेला नसतो. धंद्याने त्याला अपंग केलेले असते. धोट्याच्या मागाचा आवाज ९० ते १०० डेसिबलच्या घरात असतो, कधी त्याहूनही वर जातो. आपल्याकडे कारखान्यांसाठी आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा घातलेली आहे, आणि येथे पाळी बारा तासांची! दहा-पंधरा वर्षांत कान जातात. ते एकाएकी जात नाहीत, म्हणून कोणी तक्रारही करीत नाही. घरची मंडळी फक्त एवढेच म्हणतात की, हल्ली फार मोठ्याने बोलतो. सुती तंतूंची धूळ छातीत बसते. मागावरून निसटलेला धोटा गोळीसारखा उडतो आणि समोर असेल त्याचा डोळा घेतो. उघड्या गिअरमध्ये, पट्ट्यात बोटे जातात. कारखान्याबाहेरही सुख नाही. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे याच धामणकर नाका भागातल्या पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली आणि पस्तीसहून अधिक माणसे दगावली. मृतांचे आकडे वर्तमानपत्रांतून आले. अशा दुर्घटनांतून जखमी होऊन वाचणारा माणूस पुढे कोणत्या कामावर उभा राहतो, हा प्रश्न उत्पादकतेच्या चर्चेत कधीच येत नाही.

सरकारदरबारी या माणसाची जी अवस्था होते ती तर विचित्रच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस केले, सरकारी नोकरीतले आरक्षण तीनवरून चार टक्के केले. सवलतींसाठी मात्र बहुतेक ठिकाणी किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. आणि एक डोळा पूर्ण गेला, दुसरा चांगला असला, तर नियमाप्रमाणे अपंगत्व धरले जाते ३० टक्के. म्हणजे धोट्याने डोळा गेलेला कारागीर मालकाच्या लेखी अपंग असतो, म्हणून काम जाते. आणि सरकारच्या लेखी पुरेसा अपंग नसतो, म्हणून सवलत मिळत नाही. सरकारी नोकराला नोकरीत असताना अपंगत्व आले तर त्याला काढता येत नाही, त्याला झेपेल अशा दुसऱ्या कामावर त्याच पगारात घ्यावे लागते. हे संरक्षण १९९५ च्या कायद्यातही होते आणि २०१६ च्या कायद्यातही आहे. मागावरच्या माणसाला ते नाही.

कामच नाही की जागाच नाही?

येथे एक मालक म्हणून विचार करणारा वाचक अडवील, आणि त्याचे म्हणणे ऐकून घेणे आम्ही आवश्यक समजतो. तो म्हणेल, मजुरी मीटरवर असल्याने सावकाश काम करणाऱ्याला मी कमी पैसे देतो हे खरे. पण शेडचे भाडे, विजेचा स्थिर आकार, जॉबरचा आणि मेहताचा पगार हे तर कमी होत नाहीत. माग थांबला की माझा खर्च चालूच राहतो. हा मुद्दा खरा आहे. मात्र तो साध्या मागाला जितका लागू आहे त्याहून कितीतरी पटीने महागड्या, कर्जाच्या हप्त्यावर घेतलेल्या मागाला लागू आहे. जुन्या मागाचे भांडवल केव्हाच वसूल झाले आहे. शिवाय कारखान्यातले सगळेच काम सहा मागांमध्ये धावण्याचे नसते. कांड्या भरणे बसून होते. संपलेल्या बीमचे धागे नव्या बीमला जोडणे बसून होते, त्याला चांगली नजर आणि सराईत बोटे लागतात, पाय लागत नाहीत. ताग्याची तपासणी, घडी, वजन, नोंद, सुताची पोती मोजून घेणे, मेहताचा हिशेब... यादी पुष्कळ लांबेल. आणि बहिऱ्या माणसाचे म्हणाल तर ज्या शेडमध्ये धडधाकट माणसालाही शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही, सगळा व्यवहार हातवाऱ्यांनी चालतो, तिथे बहिरा कारागीर इतरांहून कुठे कमी पडतो? इंग्लंडात लँकेशायरच्या विणकरांनी मागाच्या आवाजावर मात करण्यासाठी ओठांच्या हालचालींवरून बोलण्याची एक स्वतंत्र रीतच बसवली होती. त्या शेडमध्ये गेल्यावर ऐकू येणारा आणि न येणारा असा भेदच उरत नसे.

या बाबतीत हेन्री फोर्डचे उदाहरण आम्हाला नेहमी आठवते. फोर्ड काही खैरात वाटणारा इसम नव्हता. सेकंद मोजून काम घेणारा, पक्का नफ्याचा माणूस. त्याने आपल्या कारखान्यातल्या एकूणएक कामांची तपासणी करवली आणि १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात आकडे दिले. कामे निघाली ७,८८२. त्यांतली ६७० कामे दोन्ही पाय नसलेला माणूस करू शकत होता, २,६३७ एक पाय असलेला, ७१५ एक हात असलेला, १० आंधळा, आणि २ तर दोन्ही हात नसलेला. म्हणजे अर्ध्याहून अधिक कामांना पूर्ण धडधाकट शरीराची गरजच नव्हती. त्याच पुस्तकात आणखी एक हकीकत आहे. नट-बोल्ट मोजण्याच्या खात्यात दोन डोळस माणसे होती, तिथे एक आंधळा कामगार नेमला. दोन दिवसांत त्या खात्याच्या मुकादमाने चिठ्ठी पाठवून डोळस दोघांना दुसऱ्या कामासाठी मोकळे केले, कारण तो एकटाच तिघांचे काम करीत होता. अशा कामगारांना फोर्ड दया म्हणून कमी पगारावर ठेवीत नसे. काम माणसाला जुळवून दिले की बहुतेकजण पूर्ण पगाराचे काम करतात, असा त्याचा अनुभव होता.

आणि एवढे दूर तरी कशाला जायचे? चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी १९४९ साली आनंदवन उभारले. तिथे कुष्ठरोगातून बरे झालेली, बोटे झडलेली माणसे, आंधळी, बहिरी, पांगळी माणसे माग चालवीत आली आहेत. त्यांनी विणलेल्या सतरंज्या आणि चादरी बाजारात विकल्या जातात. बाजारातला गिऱ्हाईक चादरीचे पोत पाहतो, विणणाराची बोटे मोजत नाही.

आपल्या देशात मात्र अजून मोठी संख्या घरीच बसून आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले, महाराष्ट्रात सुमारे ३० लाख. त्यांतले काम करणारे १०० त ३६. पुरुषांत ४७ आणि स्त्रियांत अवघ्या २३. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २००९ साली दहा गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अपंगांना कामापासून दूर ठेवल्याने त्या देशांच्या राष्ट्रीय उत्पन्नाचे नुकसान ३ ते ७ टक्के होते, असे त्यात दिसून आले. हॅमंड यांना अपंग कामावर आल्याची चिंता होती. नुकसान तर ते कामावर न आल्याने होते आणि ते कितीतरी मोठे आहे.

एक गंमत पाहा. मागावर ज्या सुधारणांनी अपघात टळतात त्यांतल्या काहींनी कापडही वाढते. आडवा धागा तुटताच माग आपोआप थांबवणारी यंत्रणा, उभा धागा तुटताच थांबवणारी यंत्रणा, चांगला ब्रेक या वस्तू साध्या मागावर बसवण्यासाठी ‘पॉवरटेक्स’मध्ये मदतीची तरतूद होती. त्या बसवल्या की कारागिराला प्रत्येक धाग्याकडे डोळे ताणून पाहत राहावे लागत नाही, कापडात दोष कमी राहतात, आणि कमी दिसणारा किंवा लंगडणारा माणूसही अधिक माग सांभाळू शकतो. धोटा उडू नये म्हणून लावण्याच्या गार्डचा आणि कानातल्या बोळ्यांचा खर्च तर एका ताग्याच्या किमतीपुढे किरकोळ. कारखान्यात पुरेसा उजेड ठेवण्यासाठी तर योजनेचीही वाट पाहण्याचे कारण नाही. हे आम्ही मालकांना सुनावण्यासाठी लिहीत नाही. धंद्याचा हिशेब म्हणूनच लिहितो.

कायद्याविषयी थोडे. १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्याला दहा कामगारांची अट होती. एकच शेड कागदोपत्री भावांच्या नावे वाटून ही अट चुकवण्याची युक्ती कोणाला ठाऊक नाही? २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत हा आकडा वीस झाला आहे, त्यामुळे लहान शेडमधला कारागीर आता त्या तपासणीच्या आणखी बाहेर गेला. नुकसानभरपाईचा हक्क मात्र वेगळा आहे. १९२३ च्या कायद्याने अपघातात कोणता अवयव गेला तर कमाईची किती टक्के शक्ती गेली असे धरायचे याचे कोष्टकच दिले होते: एक डोळा काढावा लागला तर ४०, अंगठा ३०, तर्जनी १४, पूर्ण बहिरेपण १००. भरपाईची ही पद्धत सामाजिक सुरक्षेच्या संहितेत पुढे चालू ठेवली आहे. एकीकडे दाखल्याला ४० टक्के लागतात म्हणून अडलेला माणूस, दुसरीकडे भरपाई मागू शकतो. दोन्ही गोष्टी निराळ्या आहेत आणि आमच्या माहितीतले बरेच कारागीर त्यांची गल्लत करतात.

अडचण येते ती पुराव्याची. येथे नेमणुकीचे पत्र नसते, पगार रोखीने मिळतो, आणि अपघातानंतर आठ दिवसांत कारागीर गावची गाडी पकडतो. म्हणून अपघात झाला त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावे, भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय आहे, आणि केसपेपरवर इजा मागावर काम करताना झाली असे लिहून घ्यावे. खासगी दवाखान्यात टाके घालून घेतले असतील तर तिथलीही चिठ्ठी जपून ठेवावी. आठवड्याच्या खर्चीची नोंद ज्या लहानशा वहीत होते ती वही कारागिराजवळ असली पाहिजे. ती मेहताच्या गल्ल्यात राहिली तर तो माणूस त्या शेडमध्ये कधी कामाला होता हेसुद्धा सिद्ध करणे अवघड जाते.